कोलिस्टिन: बाबांना दिलेलं 'शेवटचं' औषध – अनुभव आणि दोन प्रश्न

आंबोळी | ११ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते. पण गेले दोन महिने घरात जे चाललंय ते कुठेतरी लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

बाबा ७४ वर्षांचे, कुडाळजवळच्या गावात राहतात. प्रोस्टेट वाढलेलं. जूनमध्ये लघवी पूर्ण तुंबली तेव्हा नळी घातली आणि ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं: आधी भाताची लावणी होऊ दे, मग गणपती, मग बघू. मधल्या काळात तीनदा जळजळ झाली. तिन्ही वेळा जुनं पाकीट दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणल्या. तीन दिवस घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या. आणणारी मीच, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

गौरी आवाहनाच्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. शेतात पाण्यात वावर असतो म्हणून आधी सगळ्यांच्या तोंडी लेप्टोच, तो पावसात चिखलपाण्यातून होणारा ताप. संध्याकाळपर्यंत बडबडायला लागले, बीपी उतरलं. रात्री पावसातून गाडी काढून मोठ्या हॉस्पिटलात नेलं, सरळ आयसीयू. तिथे मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं. तिसऱ्या दिवशी कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, कागद हातात आला. जंतू क्लेबसिएला न्यूमोनिए. खाली अठरा-वीस औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर, म्हणजे औषध लागू पडत नाही. मेरोपेनेमपुढेही आर. कोलिस्टिनपुढे 'आय'.

डॉक्टर म्हणाले, "आता हेच उरलंय. किडनीला त्रास होऊ शकतो, सही करा." केली. भाऊ डोंबिवलीहून निघाला होता, तोपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

एक दृश्य डोक्यातून जात नाही. सिस्टर औषधाची बाटली दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होत्या, देवाला वात वळावी तशी. मी म्हटलं, जोरात हलवा ना, लवकर विरघळेल. त्या म्हणाल्या, "नाही हो, फेस होतो." बाबांचा श्वास धपापतोय आणि ह्या बाई बाटली गोंजारतायत असं वाटलं तेव्हा.

पुढे थोडक्यात. ताप चौथ्या दिवशी उतरला. ओठांभोवती मुंग्या यायच्या. बाबा म्हणायचे, कच्ची सुपारी लागल्यासारखं होतंय. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढणारा रक्तातला आकडा) १.२ वरून ३.८ वर गेलं, दोनदा डायलिसिस झालं. आता घरी आहेत, क्रिएटिनिन १.७, नळी अजून आहे.

प्रश्न दोन. भाऊ म्हणतो, एवढं जालीम औषध होतं तर पहिल्याच रात्री का नाही दिलं? आणि चुलतभाऊ म्हणतो, एवढं विषारी औषध दिलंच का? दोघंही मलाच विचारतात. मी काय सांगू?

---

चाकरमानी_७२ | ११ नोव्हेंबर, रात्री ११:२०

बाबा घरी आले हे महत्त्वाचं. पण भावाचा मुद्दा मला पटतो. आधी साधं, मग जरा महाग, मग त्याहून महाग, असं करत बिल वाढवायचं. जे लागू पडणार तेच आधी द्या ना.

---

डॉ_निशाचर | १२ नोव्हेंबर, पहाटे ३:१५

नाइट ड्युटी आहे, दोन पेशंटच्या मधे लिहितोय. तुमच्या बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

मूळ घोळ 'जालीम' ह्या शब्दात आहे. कोलिस्टिन हे शेवटचं औषध आहे, पण ते सगळ्यात जोरदार म्हणून नव्हे. हे १९४९ साली जपानमध्ये एका मातीतल्या जिवाणूच्या आंबवणातून सापडलं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी वापर सुरू झाला आणि सत्तरीत डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं, कारण किडनी आणि नसांना त्रास व्हायचा आणि तोवर त्याहून बरी औषधं हाताशी आली होती. थोडक्यात, माळ्यावर टाकलेली जुनी मोडकी छत्री. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नव्या छत्र्या एकेक करून फाटल्या, म्हणून ती खाली काढली. काडी मोडलेली आहे हे माहीत असूनच.

जंतू मेरोपेनेमला दाद देत असेल तर मेरोपेनेम हे कोलिस्टिनपेक्षा कितीतरी चांगलं औषध आहे. पहिल्या रात्री जंतू कुठला हे कुणालाच ठाऊक नसतं. कल्चर उगवायला आणि त्यावर औषधं तपासायला दोन-तीन दिवस जातात, ते पैसे भरून लवकर होत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच रात्री कोलिस्टिन दिलं, तर ज्यांना त्याची गरजच नव्हती अशा कित्येकांच्या किडन्या विनाकारण जातील, आणि हळूहळू जंतू ह्यालाही सरावतील. एखाद्याचं जुनं कल्चर आधीच तसं आलेलं असेल तर मात्र आम्ही पहिल्या रात्रीही देतो. चाकरमानी, बिलाबद्दलचा राग समजू शकतो, पण ह्या बाबतीत तो चुकीच्या दारावर थाप मारतोय.

आता फेस. आंबोळी, तुम्ही नकळत औषधाचा सगळा स्वभावच टिपलाय. क्लेबसिएलासारख्या जंतूंना एक जादा बाहेरचं आवरण असतं. चिऱ्याच्या भिंतीत सांध्यात चुना असतो ना, तसं त्या आवरणात कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं धरून ठेवतं. कोलिस्टिनवर धन भार असतो. ते ह्या दोघांना हुसकावून तिथे स्वतः घुसतं, भिंत खिळखिळी होते आणि जंतूच्या आतलं सगळं बाहेर गळतं. काम साबणासारखंच, म्हणून बाटली हलवली की फेस. आणि हाच धसमुसळेपणा किडनीत नडतो. किडनीच्या नळ्यांतल्या पेशी हे औषध आत ओढून साठवतात आणि मग त्याच मरतात. ढोबळमानाने तिघांतल्या एकाच्या किडनीला धक्का बसतो. बहुतेकांची हळूहळू सावरते, सगळ्यांची नाही. ओठांच्या मुंग्या म्हणजे नसांवरचा परिणाम, तो औषध थांबलं की जातो. क्वचित स्नायू इतके ढिले पडतात की श्वासावर येतं, म्हणून मुंग्या येतायत हे सिस्टरांना सांगणं महत्त्वाचं. बाबांनी सांगितलं हे उत्तम केलं.

बेल वाजली. बाकी नंतर.

---

पेट्रीडिश | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

लॅबवाली बोलतेय. त्या 'आय' बद्दल, कारण तो बघून नातेवाईक आमच्या खिडकीशी येऊन रडतात.

आय म्हणजे मधला. पूर्वी कोलिस्टिनपुढे 'एस' लिहिता यायचा, म्हणजे औषध चालेल. बऱ्याच लॅब अमेरिकेतली जी प्रमाणपद्धत पाळतात तिने २०२० मध्ये तो 'एस'च काढून टाकला. आता दोनच शेरे: एक तर आय, नाहीतर आर. म्हणजे ह्या औषधाला मिळू शकणारा सगळ्यात चांगला शेरा 'मधला' आहे! कारण असं की जंतू मारायला रक्तात जेवढं औषध लागतं आणि जेवढ्याने किडनी बिघडते, त्या दोन्हींत जेमतेम बोटभर अंतर आहे. नुसता 'एस' बघून डॉक्टर निर्धास्त होऊ नयेत म्हणून तो गेला.

आणखी एक. आम्ही बाकी औषधं कागदी चकत्या ठेवून तपासतो. चकतीभोवती जंतू उगवले नाहीत की औषध चालतं. कोलिस्टिनचा रेणू बोजड, तो आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, नीट पसरतच नाही, त्यामुळे चकतीवरचा निकाल फसवा. त्यासाठी छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाची पातळ-पातळ होत जाणारी द्रावणं करून त्यात जंतू सोडतात. वेळखाऊ काम, प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. तेव्हा रिपोर्टवर कोलिस्टिन असेल तर कुठल्या पद्धतीने तपासलं हे डॉक्टरांनी जरूर विचारावं. आमच्याकडे पाच वर्षांत असं विचारणारे दोन डॉक्टर भेटले. दोन्ही तरुण होते, एवढंच नोंदवते.

---

तिरफळ | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. आमच्याकडे पावसात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्याला डॉक्सी ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतात. आशाताई दारात येऊन उभ्या राहतात. मग तेही वाईटच ना? दोन वर्षं मी त्या गोळ्या तुळशीत टाकतोय.

---

डॉ_निशाचर | १२ नोव्हेंबर, दुपारी २:३०

तिरफळ, तुळशीला लेप्टो होत नाही, तुम्हाला होईल :)

सगळ्या अँटिबायोटिकांना एका मापात मोजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून त्यांचे तीन गट केलेत. पहिल्यात रोजच्या वापरातली. दुसऱ्यात लक्ष ठेवून वापरायची. तिसऱ्यात कडीकुलुपात राखून ठेवायची. डॉक्सी पहिल्यात, मेरोपेनेम दुसऱ्यात, कोलिस्टिन तिसऱ्यात. लेप्टोने स्वतःच किडनी आणि फुफ्फुसं जातात. चिखलात उतरणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे डॉक्सी घेणं हा शहाणा वापर. उलट, दोडामार्गकडे २०१६ पासून जो माकडताप येतोय तो विषाणूचा. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, तरी त्याच्या नावाने सलाइनमधून हेवी इंजेक्शनं मागणारे नातेवाईक मी पाहिलेत.

---

कुर्ली | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१८

आंबोळी, तुझो धागो वाचलंय आणि हात थरथरले.

माझ्या आवशीक दोन वर्षांमागे ह्याच औषध दिलेला. न्युमोनिया होऊन व्हेंटिलेटरवर होती, जंतूचा नाव ॲसिनेटोबॅक्टर. अकरा दिवस. किडनी गेली, डायलिसिस केल्यानी, आणि मागसून ती पण गेली. माका आजपर्यंत वाटत होता की औषधानच तिका मारल्यान. त्या डॉक्टराक मी काय काय बोललंय ता माका आणि त्यांकाच ठाऊक. त्यांनी उलट एक शब्द काढूक नाय.

माका एकच इचारूचा आसा. ता औषध दिल्यानी नसता तर?

---

डॉ_निशाचर | १३ नोव्हेंबर, पहाटे १:५०

कुर्लीताई, जे खरं आहे तेच सांगतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हा जंतू धरला आणि औषध दिलंच नाही, तर वाचण्याची आशा फारच कमी उरते. औषध देऊनही पुष्कळ जण जातात. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांना एकतर नुसतं कोलिस्टिन किंवा कोलिस्टिनबरोबर मेरोपेनेम असं देऊन पाहिलं. बहुतेकांना तुमच्या आईचाच जंतू होता. जोडीला दुसरं औषध देऊनही मृत्यू काही कमी झाले नाहीत. सांगायचं एवढंच की तिथे अजून काही करायचं राहून गेलं होतं असं नाही.

आणि त्या डॉक्टरांबद्दल. आमच्यातल्या प्रत्येकाने असं ऐकून घेतलेलं असतं. आम्ही लक्षात ठेवत नाही.

---

कुर्ली | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

बरा वाटला. देव बरे करो.

---

गोळीवाला | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

माझं मेडिकल आहे, बाजारपेठेत, नाक्यावर. आंबोळीताईंनी 'जुनं पाकीट दाखवून' लिहिलंय त्यात मला माझंच दुकान दिसलं.

रोजचा सीन सांगतो. यष्टी सुटायला पाच मिनिटं आहेत, माणूस काउंटरवर: "तापाची हेवीतली दे. तीनच दे, अख्खं पाकीट नको." चिठ्ठी विचारली तर, "डॉक्टरची फी तू देतोस काय?" मी नाही म्हटलं तर समोरचा देतो आणि उद्यापासून डायबेटिसच्या गोळ्याही हा माणूस तिथूनच नेतो. मार्च २०१४ पासून एच-वन नावाचा नियम आहे. सेफिक्झाइम, लिवोफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम वगैरे औषधांची वेगळ्या वहीत नोंद करायची. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या. वही तीन वर्षं जपायची. माझी वही आहे आणि खरी आहे. सगळ्यांच्या वह्या खऱ्या आहेत असं शपथेवर सांगणार नाही.

पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते बघा. माझ्या अनुभवात शंभरातले नव्वद लोक तिला डिझाइन समजतात. एका आजोबांना मी रेघेचा अर्थ सांगितला, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे घ्यायचं नाही, तर म्हणाले, "म्हणजे पॉवरबाज. मग हीच दे."

---

आंबोळी | १३ नोव्हेंबर, संध्या. ६:४५

गोळीवाला, मीही त्या रेघेकडे कधी बघितलं नव्हतं. आत्ता कपाटातला डबा उघडला. सात अर्धवट पाकिटं निघाली, पाचांवर लाल रेघ.

डॉक्टर, मग त्या तीन-तीन दिवसांच्या गोळ्यांनीच बाबांचा जंतू असा झाला का? खरं काय ते सांगा, बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

---

डॉ_निशाचर | १३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

थोडा वाटा आहे. पण तुम्हाला वाटतो तसा नाही.

तुमच्या गोळ्यांनी जंतूला मेरोपेनेम पचवायला शिकवलं नाही. ती विद्या त्याच्याकडे आधीपासून होती. आपल्याकडे अशा जंतूंत एनडीएम नावाचं जनुक पुष्कळ आढळतं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते प्रथम मिळालं. तो आधी दिल्लीत दवाखान्यात होता, म्हणून नावात न्यू दिल्ली आलं आणि २०१० मध्ये त्या नावावरून आपल्याकडे बराच आरडाओरडा झाला. नावाचा राग आला तेवढा जंतूचा आला असता तर बरं झालं असतं. ही जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे उसनवारीने जातात. जात वेगळी असली तरी चालतं.

गोळ्यांनी केलं ते असं: आतड्यातले, नळीतले साधे जंतू मेले आणि जो मुळात निबर होता त्याला मोकळं रान मिळालं. तण काढताना भात उपटलं आणि तण ठेवलं, तसं. त्यात नळी. तिच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, तिथे औषध पोचत नाही. माझ्या मते ह्या गोष्टीत गोळ्यांपेक्षा मोठा गुन्हेगार ती तीन महिने राहिलेली नळी आहे.

---

कोंबडीवडे | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:२५

आता कोणीतरी येऊन सगळं पोल्ट्रीवर ढकलणार, त्याआधी मीच येतो. चिपळूणच्या बाजूला माझी चार हजार पक्ष्यांची शेड आहे.

कोलिस्टिन आम्ही वापरलंय. नाव तेव्हा माहीत नव्हतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधाची पुडी कंपनीची, शेड आणि मेहनत आमची. पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात पाण्यातून पांढरी पावडर. हगवण लागत नाही आणि वजन चांगलं भरतं एवढंच सांगितलेलं. किलोमागे पैसे मिळणार असतील तर कोण विचारतो पावडर कसली? जुलै २०१९ मध्ये केंद्राने बंदी घातली. कोंबड्या, जनावरं, मत्स्यशेती, खाद्यातली भर, सगळीकडे कोलिस्टिन बंद. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, आता ती पुडी येणार नाही. नंतर दोन बॅचमध्ये मर जरा वाढली. मग तूस वेळेवर बदलणं, पाण्याच्या टाक्या धुणं, शेडच्या दारात चुना, हे सगळं आम्ही मनावर घेतलं आणि मर परत खाली आली. म्हणजे इतकी वर्षं ती पुडी आमच्या आळसाची भरपाई करत होती. हे माझ्या शेडपुरतं बोलतोय.

पण एक विचारतो. आंबोळीताईंचे बाबा कोंबडी खाऊन आजारी पडले का? नाही ना?

---

पेट्रीडिश | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

कोंबडीवडे, आयडी आणि पोस्ट दोन्ही आवडले.

बंदीचं मूळ चीनमध्ये आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी डुकरांत, विकायला ठेवलेल्या मांसात आणि काही रुग्णांत ई. कोलाय जंतू दाखवले, ज्यांच्याकडे कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-वन हे जनुक होतं. धसका कसला, तर ते उसनं देता येणारं होतं. तोवर अशी ताकद जंतूच्या स्वतःच्या जनुकांत बदल होऊनच येते असं मानत. चीनने २०१७ मध्ये खाद्यातला वापर थांबवला आणि नंतर तिथे डुकरांत आणि माणसांतही ते जनुक कमी झालेलं दिसलं. म्हणजे बंदीचा उपयोग होतो.

पण तुमच्या बाजूनेही बोलते. आपल्या दवाखान्यांत कोलिस्टिनला न जुमानणारा क्लेबसिएला सापडतो तेव्हा त्यात हे उसनं जनुक सहसा नसतं. त्याच्या स्वतःच्या जनुकात बिघाड झालेला असतो, आणि तो बिघाड आयसीयूत औषध वापरून-वापरूनच निवडला जातो. तेव्हा शेडकडे बोट दाखवताना उरलेली बोटं आमच्या बाजूला आहेतच.

शिजवलेल्या कोंबडीची भीती नको, उकळीत जंतू मरतात. कच्चं चिकन कापलेल्या पाटावर तशीच कोशिंबीर चिरणं, ही खरी गोम.

---

बोंडू | १४ नोव्हेंबर, दुपारी १:००

कोळंबीचं काय? आमच्या खाडीत प्रकल्प आहेत.

---

कोंबडीवडे | १४ नोव्हेंबर, दुपारी १:३५

बंदी तिथेही तीच. आणि कोळंबी बाहेर जाते, युरोपवाले अवशेष तपासून कंटेनर परत पाठवतात, त्यामुळे ते लोक आमच्यापेक्षा आधी सुधारले. आपण खातो ती तपासायला कोण बसलंय, हा वेगळा धागा.

---

बोंडू | १४ नोव्हेंबर, दुपारी १:५०

काढतो. आणि कोलिस्टिनही चाललं नाही तर पुढे काय? हात वर?

---

डॉ_निशाचर | १५ नोव्हेंबर, पहाटे ४:०५

अगदीच हात वर नाही. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम म्हणून जोडऔषध आता आपल्याकडे मिळतं. पण एनडीएमवाल्या जंतूवर ते एकटं चालत नाही, जोडीला ॲझट्रिओनाम द्यावं लागतं. किडनीच्या दृष्टीने ही जोडी कोलिस्टिनपेक्षा बरी, आणि जिथे मिळते तिथे आम्ही तीच आधी बघतो. अडचण पैशांची, आणि जंतूकडे कुठलं जनुक आहे हे सांगणारी तपासणी तालुक्याच्या गावी नसते ह्याची.

कोणीतरी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलंय की रिपोर्टमध्ये टायजेसायक्लिन 'एस' होतं, मग ते का नाही दिलं. लघवीत ते पुरेसं उतरतच नाही. कोलिस्टिनचा सख्खा भाऊ पॉलिमिक्सिन बी किडनीला जरा कमी त्रास देतो, पण तोही लघवीत फारसा येत नाही. कोलिस्टिन ज्या रूपात टोचतात ते मात्र किडनीतूनच बाहेर पडतं. म्हणून लघवीच्या जंतूसाठी मुद्दाम कोलिस्टिन. कागदावरचा 'एस' कुठल्या अवयवात खरा ठरतो हे बघावं लागतं.

---

पेट्रीडिश | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ह्याला जोडून किनारपट्टीसाठी एक. मेलिऑइडोसिस नावाचा आजार आहे. चिखलातला, भाताच्या मळीतला जंतू, पावसाळ्यात आणि जास्त करून मधुमेहींना होतो. उडुपी-मंगळूर पट्ट्यात बरेच रुग्ण सापडतात, आपली माती काही फार वेगळी नाही. ह्या जंतूला कोलिस्टिनचं जन्मजात काहीच वाटत नाही. आमच्या प्लेटमध्ये तो उगवतो तो कोलिस्टिनच्या चकतीला अगदी चिकटून (ही चकती फक्त जंतू ओळखायला ठेवतो). तिथे सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागतं आणि नंतर काही महिने गोळ्या. म्हणजे 'सगळ्यात वरचं' म्हणून कोलिस्टिन ठोकलं आणि निर्धास्त बसलो, तर माणूस हातचा जातो.

---

चाकरमानी_७२ | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

पहिल्या पोस्टमधला आरोप मागे घेतो. बिलावरचा राग कायम आहे.

---

आंबोळी | १९ डिसेंबर, रात्री ९:३०

महिनाभराने येतेय. मधे एक नाटक झालं ते सांगते.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी लघवीचं कल्चर दिलं होतं. रिपोर्ट आला: जंतू एक लाखाच्या वर. भावाने फोटो बघून डोंबिवलीहून फोनवर आकाशपाताळ एक केलं, आत्ताच्या आत्ता औषध सुरू करा. बाबांना ना ताप, ना थंडी, उंबऱ्यावर बसून सोलं सोलत होते. युरॉलॉजिस्ट बाईंनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू मिळतात, त्रास नसेल तर औषध द्यायचं नाही. द्यायचं ते फक्त ऑपरेशनच्या वेळी, त्या सुमाराचं कल्चर बघून. भावाने विचारलं, आणि मधे काही झालं तर? त्या म्हणाल्या, मग फोन करा, रात्री दोनलाही करा, पण कागदाला औषध देऊ नका.

गोळीवाल्यांची आठवण झाली म्हणून लिहिते: त्याच संध्याकाळी चुलतभाऊ पाचशे मिलिग्रॅमचं पाकीट घेऊन हजर. लाल रेघ होती. मी परत पाठवलं. दोन दिवस आमच्याशी बोलत नव्हता.

बाईंनी आणखी एक सांगितलं, ते इथे उपयोगी पडेल. असे जंतू आतड्यात महिनोन्‌महिने मुक्काम करतात. पुढे कुठल्याही दवाखान्यात जाल तिथे जुना रिपोर्ट आधी दाखवा, म्हणजे पहिल्या रात्रीचं औषध नीट निवडता येतं आणि शेजारच्या खाटेपर्यंत जंतू जाऊ नये म्हणून ते काळजी घेतात. तो आर-आर-आरचा कागद मी लॅमिनेट करून आधार कार्डाशेजारी ठेवलाय.

ऑपरेशन गेल्या बुधवारी झालं. ह्या वेळचा जंतू वेगळा निघाला, साध्या इंजेक्शनला ऐकणारा, ऑपरेशनपुरतंच दिलं. शनिवारी सकाळी नळी काढली. दुपारपर्यंत आम्ही सगळे वॉर्डाबाहेर देवळात बसावं तसे गप्प. साडेतीनला बाबा आतून ओरडले, "झाली रे!" भाऊ खाली जाऊन अर्धा किलो पेढे घेऊन आला. सिस्टरनी विचारलं, कसले पेढे? कोणालाच सांगता येईना.

---

तिरफळ | १९ डिसेंबर, रात्री ९:४४

अभिनंदन! आमचे पेढे कुठे?

---

कुर्ली | १९ डिसेंबर, रात्री १०:१०

बापाशीक माझो नमस्कार सांग. आणि लावणीक आता दुसरो माणूस बघा म्हणा.